कोण गेलं, कोण राहिलं

२०२४ च्या ऑक्टोबरात मिल्टन चक्रीवादळ फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याकडे निघालं होतं, तेव्हा टँपाजवळ राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा फोन आला. घर सोडायचं की नाही यावर त्यांच्याकडे दोन दिवस खल चालला होता. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी हेलीन येऊन गेलं होतं. त्यात भिजलेल्या गाद्या नि सोफे अजून लोकांच्या दारांत ढिगाने पडून होते. महापौर जेन कॅस्टर यांनी टीव्हीवर सांगून टाकलं होतं, की रिकाम्या करायला सांगितलेल्या भागात जो राहील तो मरेल. इतकं स्पष्ट बजावल्यावरही खल कसला, असा प्रश्न मला पडला नाही. मी त्यातून गेलेली आहे.

"ताई, तुमच्याकडे पूर आला होता तेव्हा तुम्ही कसं ठरवलंत गं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "आम्ही सगळ्यांनी बसून नीट विचार केला आणि निघालो."

हे वाक्य मी पाच वर्षं सांगत आले होते. ओटावातल्या गणपतीत, कुणाच्या डोहाळजेवणात, पुण्याला गेल्यावर नातेवाइकांत. मग त्याच हिवाळ्यात झोरा नील हर्स्टन यांची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' वाचायला घेतली. अठराव्या प्रकरणापर्यंत पोचले आणि माझ्या त्या वाक्यातला 'आम्ही' मलाच खटकायला लागला.

कादंबरी १९३७ साली प्रसिद्ध झालेली. हर्स्टन यांनी ती हैतीमध्ये असताना सात आठवड्यांत लिहिली. जेनी ही कृष्णवर्णीय बाई आपल्या तीन लग्नांची हकिगत फीबी या मैत्रिणीला घराच्या मागच्या पायरीवर बसून सांगते, असा एकूण घाट. पहिला नवरा आजीने ठरवलेला. दुसरा महत्त्वाकांक्षी, गावाचा मेयर, बायकोला दुकानात गप्प बसवून ठेवणारा. तिसरा टी केक, तिच्याहून वयाने लहान, गिटार वाजवणारा, जुगार खेळणारा. तो तिला फ्लोरिडाच्या दक्षिणेला ओकीचोबी तळ्याकाठच्या काळ्या जमिनीत, घेवड्याच्या शेतांवर मजुरीला घेऊन जातो. संवाद सगळे तिथल्या बोलीत. पहिली तीस पानं मी अडखळत वाचली. मग मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि गाडी रुळावर आली. मालवणी किंवा वऱ्हाडी छापलेली दिसली की आपण हेच करतो.

वादळाचं प्रकरण म्हटलं की बहुतेक जण त्यातल्या पाण्याबद्दल बोलतात. तळ्याचा बांध फुटतो, झोपड्या वाहून जातात, अंधारात माणसं आभाळाकडे डोळे लावून बसतात. कादंबरीचं नावही तिथूनच आलं. माझं मन मात्र त्याआधीच्या पाच-सहा पानांत अडकून राहिलं. तिथे वारा पडलेला आहे, ऊन आहे आणि घेवड्याची तोडणी चालू आहे.

आधी सेमिनोल लोक दिसतात. तिथले मूळ रहिवासी. जेनीला ते ओळीने पूर्वेकडे जाताना दिसतात. ती विचारते, तेव्हा ते शांतपणे सांगतात की उंचावर निघालोय, वादळ येतंय. दुसऱ्या दिवशी आणखी माणसं. मग ससे, साप, हरणं, सगळी एकाच दिशेने. मग गिधाडं. मग बहामाहून आलेले मजूर मिळेल त्या गाडीने निघतात. त्यातला लायस नावाचा मुलगा मामाच्या गाडीतून टी केकच्या दारात येतो. गाडीतली जागा दुसऱ्या कुणाला देण्याआधी यांना विचारावं म्हणून आलेला. टी केक नको म्हणतो. त्याची कारणं ऐकण्यासारखी आहेत. इथले जुने जाणते लोक म्हणतायत की थोडा वारा सुटेल, बाकी काही नाही. गेलास तर उद्याचा अख्खा दिवस परत यायला जाईल. मजुरी चांगली मिळतेय. मालक लोक कुठे हललेत? आणि 'इंडियन' लोकांचं काय ऐकायचं, त्यांना काही कळत असतं तर हा देश अजून त्यांचाच नसता का?

('इंडियन' हा शब्द आला की परदेशातल्या आपल्या माणसाचे कान टवकारतात. इथे तो आपल्यासाठी नाही. पण आपल्यासाठी तो ज्या सुरात उच्चारलेला ऐकलाय, तो सूर ओळखू येतो.)

म्हणजे टी केक वादळाचा अंदाज बांधतच नाही. कोण गेलं आणि कोण राहिलं याचा हिशेब तो मांडतो. आणि त्या हिशेबात सगळ्या माणसांना सारखं वजन नाही. सेमिनोल गेले, त्याची किंमत शून्य. बहामावाले गेले, ते परके, घाबरट. शेताचा गोरा मालक मात्र राहिला, तोच पुरावा. स्वतः टी केक आयुष्यभर या मालकांच्या जगाच्या तळाशी राहिलेला माणूस. पण धोका ओळखायची वेळ आली, तेव्हा त्याने त्याच जगाची उतरंड जशीच्या तशी वापरली. हर्स्टन हे कुठेही समजावून सांगत बसत नाहीत. संवाद लिहितात आणि पुढे जातात.

रिचर्ड राइट यांनी १९३७ मध्ये 'न्यू मासेस'मध्ये या कादंबरीची हजेरी घेतली होती. हिच्यात विषय नाही, संदेश नाही, विचार नाही, असा त्यांचा एकूण रोख. पुढे कित्येक वर्षं पुस्तक विस्मरणात गेलं आणि १९७५ मध्ये ॲलिस वॉकर यांच्या लेखामुळे परत वर आलं. राइट यांना घोषणा हवी होती, ती त्यांना सापडली नाही. सत्ता माणसाच्या डोक्यात कुठवर शिरते, हे त्या गाडीजवळच्या संवादाइतकं नेमकं मी फार थोड्या ठिकाणी वाचलंय. यात विचार नाही असं म्हणणाऱ्याने ही पानं घाईत उलटली असणार.

खरं वादळ १६ सप्टेंबर १९२८ चं. तळ्याला मातीचा बुटका बांध होता, तो फुटला. किमान अडीच हजार माणसं गेली, बहुसंख्य कृष्णवर्णीय मजूर. इशारा मिळाला नव्हता असं नाही. त्या दिवशी बरेच लोक आधी उंचावर गेलेही होते. सांगितलेल्या वेळी वादळ आलं नाही म्हणून घरी परतले आणि रात्री पाणी आलं. वेस्ट पाम बीचमध्ये ६९ गोऱ्या मृतांना स्मशानभूमीत जागा मिळाली. ६७४ कृष्णवर्णीय मृतांना एका मोठ्या खड्ड्यात पुरलं आणि त्या जागेवर कित्येक दशकं साधा फलकही नव्हता. हर्स्टन स्वतः तेव्हा तिथे नव्हत्या. १९२९ मध्ये बहामात असताना मात्र त्यांनी एक वादळ अंगावर घेतलं होतं. प्रेतांची ती वाटणी कादंबरीत येते, आणि ज्या मालकांच्या भरवशावर टी केक थांबला होता, त्यांच्याच जातभाईंनी बंदुकीच्या धाकाने त्याला प्रेतं पुरायच्या कामाला जुंपलेलं दिसतं. पूल चढून जावं तर तोही गोऱ्या लोकांनी आधीच भरलेला.

आता आमचं.

२०१९ मध्ये आम्ही ओटावाच्या पूर्व टोकाला, कम्बरलंडच्या बाजूला नदीजवळ राहायचो. ओटावा नदीचा पूर म्हणजे काही चक्रीवादळ नव्हे. उत्तरेतलं बर्फ वितळतं, त्यावर एप्रिलचा पाऊस पडतो, आणि पाणी दिवसाला काही सेंटिमीटर या हिशेबाने चढतं. नदीच्या नियमनाचं मंडळ रोज पातळ्यांचे आकडे आणि पुढच्या दिवसांचे अंदाज जाहीर करतं. २५ एप्रिलला शहराने आणीबाणी जाहीर केली. सैनिक आले, वाळूच्या गोण्या भरायला शहरभरातून लोक आले. २८ तारखेला ओटावा आणि गॅटिनो यांना जोडणारा शोदियेर पूल बंद झाला. घर सोडण्याची सक्ती आमच्याकडे झाली नाही. दारावर येऊन सांगितलं ते इतकंच, की निघालात तर बरं, रस्ता पाण्याखाली गेला तर तुमच्यापर्यंत गाडी पोचेलच असं नाही, ठरवा तुम्ही.

'ठरवा तुम्ही' हे ऐकायला फार सभ्य वाटतं. घरात त्याचं काय होतं ते सांगते.

सासू-सासरे पुण्याहून नुकतेच आले होते. सासरे, म्हणजे बाबा, १९६१ मध्ये चौदा वर्षांचे होते, नारायण पेठेत. १२ जुलैला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचा बांध गेला, आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी घुसलं. आदल्या रात्री लष्कराचे जवान धरणावर वाळूच्या गोण्या रचत होते, पण खालच्या शहराला वेळेवर कुणी काही सांगितलं नाही. बाबांना आठवतं ते रस्त्यावरून धावत गेलेल्या माणसांचं ओरडणं आणि आईने हाताला धरून फरफटत नेल्याचं. परत आले तेव्हा घर नव्हतं, चिखल होता. मला वाटलं होतं असा माणूस पहिल्या दिवशी बॅग भरेल. झालं उलटंच. "हे काय पाणी आहे?" ते म्हणाले. "सांगून येतंय. पानशेतला सांगितलं असतं तर एक माणूस मेला नसता." आठ दिवस आधी वर्दी देणाऱ्या पाण्याला घाबरणं त्यांना पानशेतच्या पाण्याचा अपमान वाटत असावा.

नवरा इंजिनिअर. त्याचा विश्वास आकड्यांवर. २०१७ च्या पुरात पाणी आमच्या हिरवळीपर्यंत येऊन थांबलं होतं, म्हणून २०१७ ची पातळी ही त्याची लक्ष्मणरेषा. सकाळ-संध्याकाळ आकडे बघायचा, बेसमेंटमधला पंप चालू आहे का ते बघायचा आणि म्हणायचा, अजून एवढे सेंटिमीटर आहेत. पातळीने २०१७ ओलांडलं, तेव्हा रेषा सरकून घराच्या पायरीवर आली.

डाव्या बाजूला एक वयस्क फ्रेंच भाषक बाई राहायच्या, एकट्या. चाळीस वर्षं त्याच घरात. त्यांना इंग्रजी बेताचं, सासूबाईंना फ्रेंच शून्य. तरी दुपारी दोघी कुंपणाशी उभ्या असायच्या. २३ किंवा २४ तारखेला त्यांनी आईंना आपल्या गॅरेजची भिंत दाखवली, हाताने आधी एक उंची दाखवली, मग तिच्यावर दुसरी, आणि मग रस्त्याकडे हात केला. त्याच संध्याकाळी त्यांचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. आईंनी रात्री जेवताना सांगितलं, "त्या म्हणतायत निघा." बाबा हसले. "तुला काय कळलं तिचं फ्रेंच?" नवरा म्हणाला, "म्हाताऱ्या आहेत, एकट्या आहेत, त्यांना जायलाच हवं. आपलं तसं नाही." मी काय म्हणाले? मी पोळी वाढत होते आणि मीसुद्धा हसले.

उजवीकडे एक घरबांधणीची कामं घेणारा गृहस्थ. मोठा ट्रक, दोन पंप, जनरेटर, गोण्यांची भिंत कशी रचायची याचं ज्ञान. तो हलला नव्हता. आमच्या घरात दिवसातून दहा वेळा खिडकीतून बघून सांगितलं जायचं की त्याचा ट्रक आहे अजून.

आई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला दिसलं, की पासपोर्ट, सगळ्यांची औषधं, बाबांचे रिपोर्ट आणि जेवणाच्या डब्यात मऊ कापडात गुंडाळलेला देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, अशी एक पिशवी दाराशी भरून ठेवलेली आहे. त्यावर कुणी चर्चा केली नाही.

२७ ला दुपारी उजवीकडच्या माणसाने बायको आणि मुलांना बहिणीकडे पाठवलं. स्वतः राहिला. फक्त त्यांना पाठवलं. नवऱ्याने ते खिडकीतून पाहिलं, लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "निघू या." अर्ध्या तासात आम्ही गाडीत होतो, कारण पिशवी तयार होती. रस्त्यावर चाकं अर्धी बुडतील इतकं पाणी होतं. बॅरहेवनला मित्राकडे बारा दिवस राहिलो.

तर सगळ्यांनी बसून नीट विचार केला, तो हा असा. नदीच्या मंडळाचे आकडे, शहराचा निरोप, चाळीस वर्षं नदी पाहिलेल्या बाईने हाताने दाखवलेली खूण, यातलं काहीही चाललं नाही. ट्रकवाल्याने बायकोला पाठवलं, ते चाललं. टी केकच्या गोष्टीतला गोरा मालक आमच्या उजव्या बाजूला राहत होता. सेमिनोल डावीकडे राहत होते, आणि एक स्वयंपाकघरात.

इथे मला हर्स्टनशी भांडायचंय.

ही कादंबरी एका बाईला आवाज सापडल्याची म्हणून वाचली जाते, शिकवली जाते. दुसऱ्या नवऱ्याने जेनीचं तोंड बंद ठेवलं आणि टी केकसोबत ती मोकळी झाली, असा तिचा आलेख काढतात. मग लायसची गाडी दारात उभी असताना जेनी कुठे आहे? सेमिनोल लोकांशी बोललेली तीच. वादळाची बातमी पहिल्यांदा तिला मिळालेली. पण निर्णयाचा संवाद दोन पुरुषांत होतो आणि टी केक उत्तर देतो ते 'आम्ही' या सर्वनामाने. आम्ही राहायचं ठरवलंय. कधी ठरवलं? कागदावर तरी तिला कुणी विचारलेलं नाही. पुढे वारा झोपडी हलवायला लागल्यावर तो तिला विचारतो, तुझ्या मोठ्या घरात राहिली असतीस तर बरं झालं असतं असं वाटतं का? हा प्रश्न प्रेमाचा आहे आणि तिचं उत्तरही प्रेमाचं आहे, फार सुंदर आहे. पण विचारायचा तो प्रश्न वेगळा होता आणि त्याची वेळ टळून गेली होती.

आणखी एक गोष्ट, जी मला दुसऱ्या वाचनात दिसली. मजुरी चांगली मिळतेय हे टी केकचं कारण ऐकून आपण त्याला पोटासाठी थांबलेला मजूर समजतो. तशी माणसं असतातच. २००५ मध्ये कतरीना आलं तेव्हा न्यू ऑर्लिन्समध्ये मागे राहिलेल्या पुष्कळांकडे गाडीच नव्हती आणि 'ते निघाले का नाहीत?' हा प्रश्न टीव्हीवर विचारणाऱ्यांच्या लक्षातही ते येत नव्हतं. पण टी केक त्यांच्यातला नाही. जेनीचे पैसे बँकेत आहेत, गावी घर आहे. ते पैसे वापरायचे नाहीत, तू माझ्या कमाईवरच जगायचं, हे त्याने बजावलेलं आहे. म्हणजे त्याला तळ्याकाठी खिळवून ठेवते ती गरज नाही, ती नवरेपणाची ऐट आहे. आमच्याकडेही पैशाचा प्रश्न नव्हता. "आई-बाबांना घेऊन लोकांच्या दारात जाऊन उभं राहायचं का?" हे वाक्य त्या चार दिवसांत मी किती वेळा ऐकलं! बॅरहेवनच्या मित्राने तीनदा फोन केला होता. त्याच्या गाडीतही जागा होती.

हर्स्टनना हे सगळं दिसत होतं असं मला वाटतं. नाहीतर बँकेतल्या पैशांचा तपशील इतक्या काळजीने आधी पेरून ठेवला नसता. पण वादळानंतर त्या हिशेब पुरा करत नाहीत. पाण्यात जेनीला वाचवताना टी केकला कुत्रा चावतो. काही आठवड्यांनी तो पिसाळतो, तिच्यावर पिस्तूल रोखतो आणि तिला त्याला गोळी घालावी लागते. हे वाचताना घसा दाटतो, नाही असं नाही. तरी मला ती सुटका वाटते, लेखिकेची. कुत्र्याने सगळं अंगावर घेतलं, म्हणून 'तू मला विचारलं का नाहीस?' हे जेनीला कधीच म्हणावं लागत नाही. शुद्धीवर असलेल्या, जिवंत, प्रेमळ नवऱ्याला हे विचारणं गोळी घालण्यापेक्षा अवघड आहे. ती कादंबरी हर्स्टननी लिहिली नाही.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, आणि त्यासाठी मी त्यांना बाकी सगळं माफ करते. मोटरबोट नावाचा एक मित्र आहे. बांध फुटल्यावर तोही पळत सुटतो. वाटेत एका उंच घरात थांबतो आणि म्हणतो, मी दमलोय, मी इथेच झोपतो. टी केक आणि जेनी पुढे जातात. वाचक मनात मोटरबोटला पुरून टाकतो. आणि नंतर कळतं की पाण्याने घर हललं, तरी हा आत सुखरूप झोपलेला होता. पुढे गेलेल्याला कुत्रा चावला, झोपलेला वाचला. निर्णय बरोबर होता की चूक, हे निकालावरून ठरवायची सोयच हर्स्टननी काढून घेतली.

आमच्या बेसमेंटमध्ये चार फूट पाणी आलं. फर्नेस गेली, लग्नाचे अल्बम गेले, मुलीच्या लहानपणचा पाळणा गेला. उजवीकडचा माणूस नऊ दिवस पंप चालवत राहिला आणि त्याचं घर कोरडं राहिलं. आजही तो भेटला की म्हणतो, थांबला असतात तर तुमचंही वाचवलं असतं. खरं असेल. डावीकडच्या बाई परत आल्याच नाहीत. घर पुढच्या वर्षी पाडलं. कुंपणाशी गेले की त्या गॅरेजची भिंत होती तिथे आता गवत दिसतं. आईंनी मात्र त्या वर्षी पुण्याला जाताना त्यांच्यासाठी लोणच्याची एक बाटली भरून ठेवली होती. ती आमच्या फ्रीजमध्ये दोन वर्षं होती.

मिल्टन ९ ऑक्टोबरच्या रात्री सिएस्टा कीजवळ, टँपाच्या दक्षिणेला, किनाऱ्यावर आलं. त्यामुळे टँपाच्या उपसागरात पाणी चढायच्या ऐवजी वाऱ्याने उलट बाहेर ओढलं गेलं. एरवी पाणी असतं तिथे तळ उघडा पडला. मावसबहीण आणि तिचा नवरा मुलांना घेऊन आदल्या दिवशी जॉर्जियाकडे निघाले होते. नवऱ्याचं ऑफिस दुसऱ्या राज्यात, त्याच आठवड्यात त्यांचं काहीतरी मोठं काम सुरू व्हायचं होतं आणि त्याला सारखी विचारणा होत होती की तू लॉगिन करणार आहेस ना. अकरा तास ट्रॅफिकमध्ये बसून त्याने मांडीवर लॅपटॉप ठेवून काम केलं. गाडी ती चालवत होती. परत आले तेव्हा एक झाड पडलेलं आणि दोन दिवस वीज नव्हती. शेजारी गेले नव्हते. त्यांनी हसत स्वागत केलं.

१९२८ मध्ये उंचावरून दुपारी घरी परतलेल्या माणसांचं मला तेव्हा फार वाटलं.

मी तिला पुस्तक पाठवलं. तिला वाचायला सवड नव्हती. मी म्हटलं निदान अठरावं प्रकरण वाच. या जूनमध्ये, वादळांचा मोसम सुरू झाल्यावर, तिचा मेसेज आला. प्रकरण वाचलं, आवडलं, ती बोली काही झेपली नाही. आणि खाली, 'बाय द वे, या वेळी आमचं ठरलंय. काही आलं तरी राहायचं.'

मी लिहिलं, 'आमचं म्हणजे कोणाचं गं?'

निळ्या टिका लगेच उमटल्या. मग बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत राहिलं.